गोदाची सोय आणि इतरांची गैरसोय

सर्वप्रथम या कागदाविषयी तक्रार नोंदवतो. ॲडव्होकेट समीक्षा ठोसर यांनी आणून दिलेला हा हिरवा लेजर कागद इतका गुळगुळीत आहे की शाईपेनाचे अक्षर वाळेपर्यंत लिहिणाराच आटोपायचा. मृत्युपत्राला साधा कागद चालतो, मुद्रांकसुद्धा लागत नाही, हे मी त्यांना ऐकवले. त्या म्हणाल्या, "सर, हिरव्या कागदाचा नातेवाइकांवर परिणाम होतो." युक्तिवाद शास्त्रीय वाटला म्हणून मान्य केला. तक्रार कायम आहे.

दुसरी तक्रार त्यांच्या मसुद्यातल्या पहिल्याच वाक्याची. "मृत्यू केव्हा येईल याचा नेम नसल्याने" असे त्यात होते. ते मी खोडले. नेम आहे. माझ्या स्वादुपिंडात जे वाढले आहे त्याचे स्कॅन मी स्वतः वाचले. दुसऱ्या कोणाचे असते तर त्याच्या माणसांना बाहेर बोलावून, यंदा दिवाळीचा फराळ जरा लवकर करा, असे सांगितले असते. सबब नेम नसल्याने नव्हे, तर तो चांगला ठाऊक असल्याने, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

मी, डॉ. श्रीनिवास यशवंत खांबेटे, वय अठ्ठावन्न, धंदा शल्यचिकित्सा, उपद्व्याप इतिहासलेखन व जुने नकाशे, राहणार डोंबिवली पूर्व, माझ्या बुद्धीने शाबूत आहे. हा लेख मी राजीखुशीने करीत आहे. कोणाचेही दडपण नाही, म्हणजे आणणारे पुष्कळ होते, त्यांची नावे पुढे यथास्थानी येतील. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मी मरेन असे मला वाटले नव्हते. इतरांना रोज मरताना पाहणाऱ्या माणसाची ही ठरावीक चूक आहे.

बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. ऋतुराज सबनीस यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हा माझ्या हाताखाली शिकला. दाखल्यासाठी त्याने मला विचारले, "सर, आज वार कोणता?" मी म्हणालो, "तुझ्या ओपीडीचा. म्हणून तर बाहेर बाकडी रिकामी आहेत." त्याने 'स्मरणशक्ती उत्तम, स्वभाव पूर्ववत' असा शेरा लिहिला. माझी सर्व शस्त्रक्रियेची हत्यारे मी ऋतुराजला देत आहे. त्याने ती काचेच्या कपाटात ठेवावीत आणि पाहावीत. वापरू नयेत. हत्यार चांगले असले की हात चांगला होतो हा त्याचा समज मी हयातीत मोडू शकलो नाही, निदान रोग्यांवर त्याची परीक्षा होऊ नये.

देह ठाणे जिल्ह्यातील जे वैद्यकीय महाविद्यालय स्वीकारील त्यास द्यावा. विद्यार्थ्यांना मी जन्मभर टाकून बोललो. आता त्यांची पाळी. तेराव्याचे जेवण घालू नये. ज्यांना यायचे आहे ते जेवायलाच येणार आहेत.

आता मुख्य विषय.

माझी धाकटी बहीण गोदावरी, वय बावन्न, हिला घरात आणि सर्वत्र गोदा म्हणतात. लहानपणी मेंदूज्वर झाला, त्यातून ती वाचली, पण तिचे वय आठाच्या आसपास थांबले. तिला शिवण येत नाही, पैसे कळत नाहीत, रस्ता एकटीने ओलांडता येत नाही. वडील संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनी आम्हा दोघा भावांना रामरक्षेच्या आधी शब्दरूपे पाठ करवली, आणि भिंतीशी बसून ऐकणाऱ्या गोदाला ती आमच्याहून चांगली येऊ लागली. अर्थ तिला कळत नाही. तसा माझा भाऊ मधु यालाही कळत नव्हता, तरी त्याला शहाणा धरले गेले. आईवडील गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. हे मृत्युपत्र तिच्यासाठी आहे. ती आपल्या घरात, आपल्या खोलीत, आपल्या खिडकीशी राहावी, एवढ्याकरिता. बाकीची कलमे त्याला टेकू म्हणून आहेत. ज्यांना ती बोचतील त्यांनी टेकू बोचतोच असे समजावे.

माझे लग्न झाले नाही, ठरले मात्र होते. मुलीचे वडील नौपाड्यातले प्रतिष्ठित गृहस्थ. सुपारी फुटायच्या आधी त्यांनी विचारले, "आणि बहिणीला कुठे ठेवणार?" मी म्हणालो, "ठेवतात ती लोणची. ती राहणार आहे." सुपारी अखंड राहिली. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. बातमी कळली त्या दिवशी मी जिलबी आणली. गोदाने कारण न विचारता खाल्ली.

डोंबिवलीतली माझी राहती जागा स्वकष्टार्जित आहे. ती गोदास तहहयात राहण्यासाठी देत आहे. ती विकता, भाड्याने देता वा गहाण टाकता येणार नाही. आमची सोसायटी पाडून तिथे उंच इमारत बांधायची आहे आणि माझी संमती तेवढी यायची आहे. सेक्रेटरी देवराम कोयंडे माझ्या आजाराचे कळल्यापासून दर शनिवारी शहाळे घेऊन येतात. "घाई नाही हो डॉक्टरसाहेब," असे म्हणताना त्यांच्या दुसऱ्या हातात संमतीचा फॉर्म असतो. एकदा त्यांनी गोदालाच विचारले, नवीन घरात लिफ्ट असेल, आवडेल ना. गोदा म्हणाली, "खिडकीतून समोरच्या काकूंची तुळस दिसेल का?" देवराम म्हणाले, तुळस काय, खाडी दिसेल. गोदा म्हणाली, "खाडी आहे माझ्याकडे." देवरामना ते कळले नाही. वाचणाऱ्याला पुढे कळेल. बिल्डरने करारात गोदाला याच मजल्यावर, याच बाजूची जागा, आणि बांधकाम होईतो याच गल्लीत भाड्याचे घर लिहून द्यावे. लिहून दिल्याच्या दिवशी संमती द्यावी, एरवी देऊ नये. देवरामना मी शहाळ्यांची रिकामी कवचे देतो. ती गच्चीवर साठवून ठेवली आहेत.

विमलाबाई धुमाळ दिवसभर गोदाला सांभाळतात. त्या आता गोदाजवळ रात्रीही राहण्यास तयार आहेत. त्यांचा पगार माझ्या बँकेतल्या ठेवींच्या व्याजातून चालू राहील आणि गोदानंतर ठेवी त्यांच्याच. गोदावर ओरडण्याचा हक्क फक्त त्यांना आहे, कारण ओरडून झाल्यावर रडणाऱ्या त्या एकट्याच आहेत.

आता माझा धाकटा भाऊ मधुकर.

मधु घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहतो. त्याच्या दारावर पितळी पाटीत त्याचे नाव आहे. घर माझे आहे. कर्जाचे हप्ते मी फेडले, नोंदणी माझ्या नावे आहे. मधुच्या व्याह्यांना हे ठाऊक नाही. हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा व्याह्यांना अगत्याने बोलवावे व पुढच्या रांगेत बसवावे. ही माझी विनंती नसून अट आहे.

मागच्या महिन्यात मधु मला भेटायला आला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाला, "दादा, शीळफाट्याच्या पुढे एक संस्था आहे. अशांसाठीच आहे. मोठी बाग आहे, हिरवळ आहे. तुझ्यामागे गोदाला तिथे बरं पडेल." गोदा समोरच बसली होती. 'अशांसाठी' म्हणताना त्याने आवाज खाली केला. मधुला वाटते की आवाज खाली केला की गोदाला ऐकू येत नाही. तिने विचारले, "तिथे दादा कुठे झोपतो?"

मधुने घड्याळात पाहिले. ट्रॅफिक लागेल म्हणाला आणि उठला.

सबब घोडबंदर रोडवरच्या घराविषयी अशी व्यवस्था करतो. गोदा जिवंत आहे आणि डोंबिवलीच्या घरात राहते आहे तोवर मधुने त्या टॉवरमध्ये बिनभाड्याने खुशाल राहावे. ज्या दिवशी गोदाचा श्वास थांबेल, अथवा, बांधकामापुरते वगळून, तिला या घरातून हलवले जाईल, त्या दिवशी मधुचा हक्क संपला. मग ते घर त्याच शीळफाट्याच्या पुढच्या संस्थेस जाईल. म्हातारपणी मधुला तिथे जागा मागता येईल. बाग मोठी आहे, हिरवळ आहे, असे त्यानेच सांगितले आहे.

समीक्षाबाई हे वाचून म्हणाल्या, "सर, हे फार क्रूर होतंय." मी म्हणालो, गोदाला रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळाली का, हे मधुने फोन करून विचारावे यासाठी मला दुसरा उपाय सुचवा. त्यांनी पान उलटले. आता मधु तिला तळहातावर ठेवील. तिला साधा खोकला झाला तरी त्याला झोप येणार नाही. माया नसली तरी चालेल. पेनिसिलिनला रोग्याची माया नसते, गुण येतो.

हे सारे अमलात कोण आणणार, आणि गोदाचा पालक कोण, हा प्रश्न राहिला. माझे मित्र पुष्कळ आहेत. त्या सर्वांची नावे मी एका संध्याकाळी मनात घोळवली आणि एकेक करून बाजूला सारली. कोणी भला आहे पण विसरतो. कोणी विसरत नाही पण मधुने पाय धरले की विरघळेल. एक तर सुनेला विचारल्याशिवाय चहाला हो म्हणत नाही. शेवटी जे नाव उरले ते मित्राचे नव्हते.

प्राध्यापक सिल्वेस्टर मिस्किटा, निवृत्त, राहणार मोठी पाखाडी, घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या अंगाला, हे या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर आणि गोदाचे पालक असतील. पालकत्वाचा रीतसर अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात केलेला आहे. माझे व प्रा. मिस्किटांचे गेली कित्येक वर्षे हाडवैर असून ते या लेखाने संपुष्टात येत नाही, हे स्पष्ट करतो.

वैराचे कारण येथे प्रथमच लिहीत आहे. ठाण्याच्या खाडीवरचे जुने धक्के आणि उतार यांवर मी एक पुस्तक केले. त्यात मी काढलेला नकाशा आहे. रेषा माझ्या, अक्षर माझे. पाण्यात रंग भरण्याचे काम गोदाचे. माझ्या सगळ्याच नकाशांत ते तिचे असते. जीभ बाहेर काढून, निळी पेन्सिल मुठीत धरून ती तासन्‌तास समुद्र भरते. त्या नकाशात तिचा निळा रंग काठाची रेषा ओलांडून जरा पुढे गेला, आणि त्या 'जरा'त मिठागरे व मोठी पाखाडी हे अख्खे गाव पाण्याखाली गेले. छापखान्याने ते तसेच छापले.

मिस्किटांचे घराणे पोर्तुगीज अमदानीपासून त्या गावात आहे. त्यांनी ठाण्याच्या साप्ताहिकात लिहिले की डॉक्टरांनी आमचे गाव बुडवले, तर माझी आजी चर्चला पोहत जात होती काय? मी उत्तर दिले. गोदाची पेन्सिल घसरली, असे लिहिले नाही. माझ्या बहिणीवर अख्ख्या जिल्ह्याला हसू देण्यापेक्षा मी उधाणाच्या भरतीचे, फुटलेल्या बांधांचे आणि मिठागरांच्या जुन्या तक्रारींचे दाखले काढले आणि ते गाव वर्षातून काही दिवस पाण्यात असे, असा सिद्धान्त मांडला. सिद्धान्त उत्तम आहे. आजही मागे घेत नाही. मिस्किटा खवळले. पत्रामागून पत्र सुरू झाले.

मग एका दुपारी ते स्वतः, जुन्या कागदांच्या नकलांची पिशवी घेऊन, भांडायला डोंबिवलीत आले. मी आत पाणी आणायला गेलो होतो. बाहेर आलो तो ते गोदासमोर बसलेले. ती पुढच्या पुस्तकाचा नकाशा रंगवीत होती. तिने त्यांना विचारले, "तुमचं गाव कुठे?" त्यांनी नकाशावर बोट ठेवले. गोदा पेन्सिल फिरवीत गेली ती काठ ओलांडून थेट त्यांच्या नखापर्यंत.

"बाई, माझं बोट बुडलं," मिस्किटा म्हणाले.

गोदा खो खो हसली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. सगळे त्यांना समजले होते आणि त्यांना समजले हे मला समजले. ते पाणी प्यायले, पिशवी न उघडता उचलून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांचे पत्र आले ते आधीच्या सर्व पत्रांपेक्षा विखारी. मला भरती-ओहोटी कळत नाही, पोर्तुगीज येत नाही, पोटे कापणाऱ्याने इतिहास कापू नये, असे बरेच काही. पेन्सिलीबद्दल एक अक्षर नव्हते. एका ओळीत मला ते संपवू शकत होते. सारे ठाणे हसले असते. त्या दुपारनंतर आजतागायत त्यांनी तीस-चाळीस पत्रे लिहिली असतील, मला अडाणी, आढ्यताखोर, खोटारडा म्हटले, पण ती ओळ लिहिली नाही. माझा एकही मित्र इतके दिवस गप्प बसला नसता.

गेल्या पंधरवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. आजार सांगितला, काय हवे ते सांगितले. ते ओट्यावर बसून ऐकत होते.

"वाईट झालं," म्हणाले. "नकाशा मागे घेणार?"

"नाही."

"मरतानाही नाही?"

"मरताना तर मुळीच नाही. लोक म्हणतील घाबरला."

त्यांनी खाडीकडे पाहिले. गाव, माझ्या सिद्धान्ताला न जुमानता, कोरडे ठणठणीत होते. मग म्हणाले, "तुम्हाला नाही म्हणायला माझ्याकडे भरपूर कारणं आहेत, डॉक्टर. तिला नाही म्हणायला एकही नाही. सही कुठे?"

आतून त्यांच्या पत्नी जोसेफिनबाईंनी विचारले, "डबा आणला तर तिला मासे चालतील काय?" मी म्हणालो, आम्ही ब्राह्मण आहोत, पण हे गोदाला अजून कोणी सांगितलेले नाही. विमलाबाईंच्या डब्यातले बोंबील ती कित्येक वर्षे खाते आहे आणि मी ते न पाहण्याची प्रथा पाळत आलो आहे.

माझ्या पुस्तकांचे व नकाशांचे सर्व हक्क, मूळ नकाशांसह, प्रा. मिस्किटांना देत आहे. त्यांत मोठी पाखाडीचा नकाशाही आहे. त्यांनी तो फाडावा, जाळावा, अथवा त्यावर आणखी चाळीस पत्रे लिहावीत. नवी आवृत्ती काढल्यास चुका दुरुस्त करण्याची त्यांना मुभा आहे, फक्त पाणी भरण्याचे काम गोदालाच द्यावे. ती जिथवर नेईल तिथवर खाडी आहे असे धरावे.

व्यवस्था पूर्ण झाली. मी ती पुन्हा तपासली, पोट शिवण्याआधी तपासतो तशी. मधुला छपरासाठी गोदा जिवंत हवी. विमलाबाईंना ती हवीच आहे. मिस्किटा कोणाला बधणार नाहीत. बिल्डरला अडवले आहे. कुठे काही सुटलेले दिसत नाही.

एक राहिले आहे, आणि त्याला कलम सापडत नाही.

गोदाला मी अजून सांगितलेले नाही. परक्यांना ही बातमी मी शेकडो वेळा सांगितली, दारात उभा राहून, घड्याळ न बघता, चांगल्या शब्दांत. तिच्यापुढे मला शब्द येत नाहीत. आई गेली त्या सकाळी गोदाच्या हातून दुधाचे पातेले सांडले होते. आई कशाने गेली हे आम्ही तिला खूप समजावले. ती ऐकून घ्यायची. मग आईच्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन हळूच म्हणायची, "आता नाही सांडणार." तेव्हापासून तिने दुधाला हात लावलेला नाही. चहासुद्धा कोरा पिते.

मी जाईन त्या दिवशीही तिच्या हातून काहीतरी होईल. पेला फुटेल, वाटी उलटेल, पेन्सिलीचे टोक मोडेल. रोज काहीतरी होतेच. तिला वाटेल, दादा त्यामुळे येत नाही. तिला सांगा की त्यामुळे नाही. ती विश्वास ठेवील की नाही मला माहीत नाही. आईच्या वेळी मी डॉक्टर होतो, तिचा दादा होतो, मी सांगितले होते, तरी ठेवला नव्हता. मला मरणाची भीती नाही. मला याची भीती आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वहस्ते लिहून, वाचून, खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही करून पूर्ण केले. दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

स्थळ : डोंबिवली पूर्व
दिनांक : १९ जून २०२५

(सही) डॉ. श्रीनिवास यशवंत खांबेटे

साक्षीदार :
१. (सही) ॲड. समीक्षा ठोसर, ठाणे
२. (सही) सॅव्हियो परेरा, मोठी पाखाडी, ठाणे